इंजिन उतरवण्याआधी : जुनी मसल कार घेतलेल्या नवख्यांसाठी

मिशिगनमध्ये नोव्हेंबरात रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की जुन्या गाड्या गॅरेजमध्ये जातात, त्या एप्रिलातच बाहेर येतात. मधले पाच महिने गाडी झोपलेली असते आणि मालक जागा असतो. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून फोनवर नव्याकोऱ्या, क्रेटमध्ये बांधून येणाऱ्या इंजिनांचे फोटो बघायचे, हा त्या पाच महिन्यांचा मुख्य उद्योग. माझ्याकडे १९६८ ची मस्टँग कूपे आली, त्या पहिल्याच हिवाळ्यात मीही हेच केलं.

कारणही तसंच घडलं होतं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. ड्रीम क्रूझ म्हणतात तिला, १९९५ पासून चालू आहे. तिथून परतताना एका सिग्नलला मी शेजारच्या कॅमरीकडे, म्हणजे टोयोटाच्या साध्या घरगुती गाडीकडे, बघून जरा ऐटीत एक्सलरेटर दाबला. कॅमरीत मागे लहान मुलाची सीट बांधलेली. सिग्नल सुटला आणि ती कॅमरी काही विशेष न करता पुढे निघून गेली. माझ्या व्ही-एटने, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाने, आवाज मात्र भरपूर केला.

घरी येऊन कोल्हापूरला काकांना फोन लावला. काकांची हयात उद्यमनगरात बोअरिंग मशिनवर गेली. व्ही-एट त्यांनी कधी उघडली नसेल, पण इंजिनं शेकड्यांनी उघडली. म्हटलं, काका, इंजिन बदलायचं म्हणतोय. ते म्हणाले, "बदल की. पण आधी प्लगा तर काढून बघ रं. आजारी माणसाला कुणी एकदम नवं काळीज बसवतं व्हय?"

या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या एका वाक्यातून निघाल्या आहेत. उदाहरणं माझ्या फोर्डची आहेत, पण शेवरले किंवा डॉज असली तरी क्रम हाच.

पहिली पायरी : तक्रार कागदावर लिहा

"पॉवर कमी आहे" ही तक्रार धरू नका, त्यात सगळंच येतं. नेमकं काय होतं ते लिहा. सिग्नलवरून उठताना गाडी जड वाटते? की ताशी ४० मैलांपुढे ओढत नाही? हायवेवर इंजिन किंचाळतं? चढावर गरम होतं? की खरं सांगायचं तर मित्राच्या गाडीसमोर हुड उघडायची लाज वाटते? शेवटचं कारणही चालेल. हौसेला मोल नाही, पण ती हौस आहे हे स्वतःला माहीत असावं, म्हणजे खर्च करताना गल्लत होत नाही.

माझ्या कागदावर चार ओळी होत्या : उठताना जड, ७० मैलांवर कर्कश, ब्रेक दाबला की छातीत धस्स, आणि कॅमरी. यातल्या दोन ओळींचा इंजिनाशी काही संबंध नव्हता. तेव्हा ते कळलं नव्हतं.

दुसरी पायरी : गाडी नेमकी कोण आहे ते ओळखा

१९६४ मध्ये पाँटिॲकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंचाचं मोठं इंजिन बसवून जीटीओ काढली, तिथून मसल कारचा जमाना सुरू झाला असं बहुतेक जण मानतात. (मस्टँग ही मसल कार नव्हे, पोनी कार म्हणजे छोटी स्पोर्टी गाडी, असं सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक मेळाव्यात भेटतो. त्याला हो म्हणायचं.) पण नवख्याच्या हाती येते ती क्वचितच पोस्टरवरची गाडी असते. येते ती तिची साधी बहीण (आकडे इंजिनाच्या घनइंचांचे) : २८९ वाली मस्टँग, ३०७ वाली शेव्हेल, ३१८ वाली डार्ट. अंगकाठी तीच, पण इंजिन रोजच्या वापराचं.

फोर्डमध्ये हे ओळखणं सोपं आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला एक छोटी पट्टी असते. माझ्या पट्टीवरचा नंबर ८एफ०१सी असा सुरू होतो. ८ म्हणजे १९६८, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप, आणि पाचवं अक्षर सी म्हणजे २८९ चं दोन बॅरल कार्ब्युरेटरवालं इंजिन. तिथे आर असता तर ते ४२८ कोब्रा जेट, आणि मी हा लेख लिहीत न बसता गॅरेजला दुसरं कुलूप लावलं असतं. पट्ट्या मात्र नव्या छापून मिळतात. म्हणून हुड उघडून आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर पट्टीशी जुळवा. शेवरलेमध्ये १९७१ पर्यंतच्या चेसिस नंबरातून नेमकं इंजिन कळत नाही, फक्त सहा सिलिंडर की व्ही-एट एवढंच. तिथे उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढ्यात ब्लॉकवर ठोकलेला कोड वाचावा लागतो.

मग बघायचं, इंजिन जन्माचं आहे का. १९६८ पासून ब्लॉकवर गाडीच्या नंबराचा काही भाग ठोकायला लागले. त्याआधीच्या २८९ मध्ये फोर्डने तो फक्त २७१ हॉर्सपॉवरच्या के कोडवर ठोकला. नंबर नसेल तर ओतकामाची तारीख वाचा : ८बी१४ म्हणजे १९६८, बी म्हणजे फेब्रुवारी, तारीख १४. ही तारीख गाडी तयार झाल्याच्या तारखेआधी काही दिवस किंवा आठवडे असायला हवी. गाडीनंतरची निघाली तर इंजिन मागाहून आलेलं आहे, आणि तुमची निम्मी काळजी मिटली.

कारण जन्माचं इंजिन असलेली दुर्मीळ गाडी असेल, म्हणजे के कोड, कोब्रा जेट, ४२६ हेमी किंवा १९७० ची एलएस-६ शेव्हेल, तर प्रश्नच संपला. ते इंजिन दुरुस्त करायचं, बदलायचं नाही. आणि सी कोडसारखी साधी गाडी असेल तर बदलायला हरकत नाही, फक्त जुनं विकू नका. त्याबद्दल शेवटी.

तिसरी पायरी : आहे ते इंजिन तपासा

इथे घाई करू नका. एक अख्खा शनिवार द्या.

सगळ्यात आधी इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा. कुणाला तरी आत बसवून एक्सलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि वरून कार्ब्युरेटरमध्ये डोकावा. आतल्या चकत्या उभ्या होतात का? माझ्या गाडीत बायकोने पाय जमिनीला टेकवला तरी चकत्या तीन चतुर्थांशच उघडत होत्या. एक्सलरेटरचा दांडा वाकलेला होता, बाकी काही नाही. म्हणजे वुडवर्डवर मी पाऊण इंजिनावर ऐट करत होतो.

मग टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी. त्या काळच्या अनेक अमेरिकन व्ही-एटमध्ये कॅमशाफ्टच्या गिअरला आवाज कमी यावा म्हणून नायलॉनचे दात असत. पन्नास वर्षांत ते कडक होऊन तुटतात, तुकडे तेलाच्या टाकीत पडतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. चेन उघडून बघायची गरज नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन एका दिशेने थोडं फिरवा आणि मग हळूच उलटं. रोटर लगेच हलला तर ठीक. क्रँक आठ-दहा अंश मागे आला तरी रोटर जागचा हलला नाही, तर चेन सैल आहे. त्यामुळे कॅमशाफ्ट उशिरा चालतो, आणि उठताना गाडी जड वाटते. चेन आणि गिअरचा संच इंजिनाच्या तुलनेत फुकट म्हणावा इतका स्वस्त मिळतो.

टायमिंग लाइट लावताना एक ध्यानात ठेवा. क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. रबर म्हातारं झालं की कडी सरकते आणि तिच्यावरची खूण खोटं बोलते. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून खूण शून्यावर येते का, ते आधी पडताळा.

आता काकांच्या प्लगा. इंजिन गरम करा, आठही प्लग काढा, इग्निशनची वायर सोडा, एक्सलरेटर पूर्ण उघडा ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशनचं (आत दाबल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाचं) गेज लावून स्टार्टर चार-पाच ठोके फिरू द्या. २८९ ला १५० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास अपेक्षित. पण आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक महत्त्वाचा : सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. माझे सात सिलिंडर १४० ते १५० मध्ये होते आणि सहा नंबर १०५ वर. फोर्डमध्ये पाच ते आठ ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे सहा नंबर तिथला पुढून दुसरा. त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही. तेलाने आकडा वाढला असता तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या. नाही वाढला म्हणजे गळती वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा पॅकिंगमध्ये.

कुठे ते कळायला लीक-डाउन गेज. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड पॅकिंग. मी मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीपाशी वाकलो आणि ऐकलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

शेवटी गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर, डॅशवरच्या काट्यावरून नव्हे, वेगळं गेज लावून. दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय हा जुना अंदाज कामचलाऊ आहे. हेही ठीक, कॉम्प्रेशनही ठीक, तर तुमच्या हातात निरोगी इंजिन आहे, ते फक्त नीट लावलेलं नाही.

जुन्या आकड्यांना भुलू नका

जाहिरातीतले जुने हॉर्सपॉवर आणि आजचे हॉर्सपॉवर एका मापाचे नाहीत. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ग्रॉस आकडा छापायच्या : इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. १९७२ च्या मॉडेलपासून नेट आकडा आला, गाडीत बसवलेल्या सगळ्या लटांबरासकट मोजलेला. शेवरलेच्या एलटी-१ इंजिनाचे १९७१ मध्ये ३३० छापले होते, १९७२ मध्ये २५५. इंजिन जवळपास तेच. तेव्हा माझ्या २८९ चे १९५ म्हणजे आजच्या भाषेत बरेच कमी, आणि १९८७ ते ९२ च्या मस्टँगमधल्या ५.० लिटर इंजिनाचे २२५ हे नेट आहेत. नुसता ३० चा फरक समजून ते इंजिन नाकारणारे लोक मी पाहिले आहेत.

चौथी पायरी : इंजिनाच्या मागे काय काय आहे

नवख्यांचं बजेट इथे बुडतं. इंजिनाची किंमत सगळे विचारतात, पण त्या वाढीव ताकदीने पुढे काय काय मोडेल हे कुणी विचारत नाही.

ब्रेक आधी. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम होते. ७० मैलांवरून एकदा जोरात थांबवली की दुसऱ्यांदा पाय खाली जातो आणि गाडी तशीच जाते. जी गाडी थांबत नाही तिला आणखी पळवायचं कशाला? पुढे डिस्क ब्रेक बसवल्याशिवाय इंजिनाच्या दुकानात पाऊल टाकू नका. १९६७ च्या आधीची गाडी असेल तर मास्टर सिलिंडरही एकाच कप्प्याचा असण्याची शक्यता आहे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तो दोन कप्प्यांचा करून घ्या.

मग मागचा क्राउन-पिनियन, म्हणजे मागची चाकं फिरवणारी गिअरची जोडी; तिच्या दातांचं प्रमाण म्हणजे रेशो. गाडीचं उठणं इंजिनाइतकंच त्याच्यावर असतं. मैलांचा वेग गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या. माझे टायर साडेपंचवीस इंची, रेशो ३.००. ७० मैलांवर सुमारे २,७७० फेऱ्या. ३.५५ चा पिनियन टाकला तर गाडी उड्या मारत उठते, पण हायवेवर ३,२७० फेऱ्या, म्हणजे कर्कशपणा आणखी वाढला. त्याला उतारा ओव्हरड्राइव्हवाला पाच-गिअरचा टी-५ : पाचवा गिअर ०.६८, फेऱ्या २,२३० च्या आसपास. उठताना हलकी आणि हायवेवर शांत, इंजिनाचा एक बोल्टही न हलवता. माझ्या कागदावरच्या पहिल्या दोन ओळी याच हिशोबात खोडल्या गेल्या. नवख्याला एकच गोष्ट करायची असेल तर मी इंजिन नव्हे, गिअरबॉक्स सांगेन.

बाकी झटपट. रेडिएटर नव्या ताकदीला पुरायला हवा. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदला, हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने त्या कुजतात. मस्टँगला वेगळी चेसिस नसते, पत्र्याचं अंगच चेसिस असतं. ते पिळू नये म्हणून खालून पुढच्या-मागच्या सांगाड्याला जोडणाऱ्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात. शेव्हेलला खरी चेसिस आहे, तिला ही चिंता कमी.

पाचवी पायरी : वाटा तीन

पहिली वाट, आहे तेच इंजिन सुधारणं. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर चार बॅरलचा कार्ब्युरेटर, त्याला साजेसं इनटेक मॅनिफोल्ड, आणि खिसा परवानगी देत असेल तर ॲल्युमिनियमची हेड. जुन्या २८९ चा श्वास हेडमध्येच कोंडतो. कार्ब्युरेटर मोठा घेऊ नका : २८९ घनइंच गुणिले ५,५०० फेऱ्या भागिले ३,४५६ म्हणजे ४६०, इंजिन प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्केच हवा ओढतं म्हणजे मिनिटाला ३९० घनफूट. ५०० चा पुरे, ६०० म्हणजे कमाल. ७५० चा लावून "गाडी मधेच गुदमरते" म्हणणारा प्रत्येक मेळाव्यात एक तरी असतो. हेड उतरलीच तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. शिशाचं पेट्रोल रस्त्यावरच्या गाड्यांना अमेरिकेत १९९६ पासून बंद आहे, आणि जुन्या सीटना त्या शिशाचाच आधार होता.

कॅमशाफ्ट बदलायचा झाला तर जपून. जुन्या इंजिनात सपाट तळाचे टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे) असतात. नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांत दोन हजारांच्या वर फेऱ्यांवर रुळवावा लागतो आणि तेलात पुरेसं झिंक लागतं, जे हल्लीच्या गाड्यांच्या तेलात कमी केलेलं आहे. चुकलात तर कॅमची गोलाई घासून सपाट होते आणि तिचा चुरा सगळ्या बेअरिंगमध्ये फिरतो.

दुसरी वाट, त्याच कुळातलं नवं इंजिन. फोर्डवाल्यांसाठी ८७ ते ९३ चं ५.० किंवा नव्वदच्या दशकातल्या एक्सप्लोरर गाडीतलं. रोलर टॅपेट असल्यामुळे कॅमची ती भीती संपते, आणि २८९ च्या जागी ते जवळपास तसंच बसतं. "जवळपास" या शब्दात दोन सापळे आहेत. जुन्या इंजिनाचं बॅलन्सिंग २८.२ औंसाचं, नव्याचं ५० चं. जुनं फ्लायव्हील नव्या इंजिनाला लावलंत तर ते थरथरून बेअरिंग खाईल. आणि ५.० चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, वेगळा : जुन्याचा १-५-४-२-६-३-७-८, नव्याचा १-३-७-२-६-५-४-८. सवयीने जुन्या क्रमाने वायरी लावून "इंजिन खराब निघालं" म्हणत दोन दिवस डोकं धरून बसलेला माणूस मी ओळखतो. रोज आरशात दिसतो. हे प्रकरण एका मित्राच्या गाडीवर झालं, तो अजून मित्र आहे.

तिसरी वाट, संपूर्ण नवी पिढी. शेवरलेत एलएस कुळ, जे १९९७ च्या कॉर्व्हेटपासून आलं. ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन, किंवा भंगारात पडलेल्या सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं लोखंडी. शेव्हेल-कमॅरोला ते बसवायचे तयार कंस मिळतात, पण त्यासोबत इंधनाचा जास्त दाबाचा पंप, वायरिंग आणि कॉम्प्युटरही येतो. फोर्डचं नवं कोयोट रुंदीला इतकं आहे की जुन्या मस्टँगमध्ये ते घालायला पुढच्या सस्पेन्शनचे बुरुज कापावे लागतात. तिथून परतीचा रस्ता नाही. पहिल्याच गाडीवर ही वाट धरू नका. अर्धवट सोडलेल्या, टारपोलिनखाली झाकलेल्या गाड्या विकायला निघतात, त्यातल्या कितीतरी इथेच अडकलेल्या असतात.

कागदपत्रं

मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्या त्यातून सुटल्या आहेत. १९७६ ची गाडी असेल तर नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं आणि त्याची धुराची सगळी उपकरणं जागच्या जागी हवीत. राज्याचा नियम आधी वाचा. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या आणि इंजिन बदलल्यावर विमावाल्यांना लेखी कळवा. आणि "कधीतरी ही गाडी पुण्याला नेईन" असं स्वप्न असेल तर भारतातला २०२१ चा व्हिंटेज नोंदणीचा नियम बघा : ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच त्यात बसते. एलएस घातलेली शेव्हेल तिथे व्हिंटेज नाही.

जुनं इंजिन ठेवायचं कसं

बदलायचं ठरलंच तर जन्माचं इंजिन भंगारात किंवा अदलाबदलीत देऊ नका. उतरवण्याआधी शेवटचं तेल बदलून थोडा वेळ चालवा, म्हणजे आत स्वच्छ तेल राहील. पाणी पूर्ण काढा. मिशिगनच्या थंडीत ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी गोठून ब्लॉक तडकतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून प्लग परत लावा. इनटेक, एक्झॉस्ट आणि पाण्याची तोंडं पत्रा किंवा लाकडी फळीने बंद करा. नुसता कपडा कोंबलात तर उंदीर घर करतात, अनुभव आहे. स्टँडवर ठेवा, ब्लॉकवरच्या नंबराचा फोटो काढून गाडीच्या फाइलमध्ये लावा, वर्षातून दोनदा क्रँक हाताने एक-दोन वळणं फिरवा. बोल्ट डब्यात टाकताना डब्यावर नाव लिहा. "लक्षात राहील" असं वाटतं, पण राहत नाही.

माझं २८९ गाडीतच आहे. एका हेडचं व्हॉल्व्हकाम, नवी चेन, सरळ केलेला दांडा, पुढे डिस्क, मागे ३.५५, मधे टी-५. कॅमरीची ओळ अजून खोडलेली नाही.